तीनदा नाव पुकारलं

‘‘सर, आम्ही तुमचं नाव तीनदा पुकारलं. कुठे होतात तुम्ही?’’

मी कुठे होतो? तिच्यापासून साठ-सत्तर पावलांवर एका व्हीलचेअरमध्ये, भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. ती खुर्ची तिच्याच विमान कंपनीची, आणि मला तिथे आणून ठेवणारा मुलगाही तिच्याच कंपनीचा. मुलीच्या बोलण्यात राग नव्हता, घाई होती. विमानाचं दार बंद व्हायला पाच मिनिटंही उरली नव्हती. मी ‘सॉरी’ म्हणालो आणि भिंतीचा आधार घेत पुढे गेलो. पण विमानात बसल्यावरही ते वाक्य पाठ सोडेना. कारण ते माझं वाक्य होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी ते दुसऱ्या एका माणसाला ऐकवलं होतं. त्याविषयी पुढे सांगतो. आधी, धडधाकट दिसणारा मी त्या खुर्चीत जाऊन का बसलो, ते सांगायला हवं.

बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी फोनचा रिसीव्हर डाव्या कानाशी आणि पेन उजव्या हातात, अशी गेली. निवृत्तीनंतर ही सवय मोबाइललाही लागू झाली. एक दिवस प्रकाशकांशी बोलत असताना पलीकडचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. रेंज गेली असं समजून मी दोनचारदा ‘हॅलो हॅलो’ केलं. मग सहज फोन उजव्या कानाला लावला, तर प्रकाशक व्यवस्थित बोलत होते. नेहमीप्रमाणे मानधन सोडून बाकी सगळ्याविषयी बोलत होते. त्यानंतर आठवडाभर मी कानात मळ झाला असेल म्हणून तेल घालत होतो!

मळ नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी आधी श्रवणचाचणी केली, मग एमआरआय काढायला सांगितलं. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेवर अडीच सेंटिमीटरची गाठ होती. हिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. कर्करोगाची नव्हे, साधी गाठ. वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर, अशी सरकारी कामाच्या वेगाने वाढणारी. लहान असेल तर नुसती नजर ठेवतात, काहींना किरणांनी थोपवता येते. माझी मेंदूच्या खोडाला टेकायला आली होती, तेव्हा काढणं भाग होतं.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मी नंतर वाचला (आधी वाचला नाही ते बरं झालं). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ काढायला घेतलेले बहुतेक रोगी टेबलावर किंवा नंतरच्या काही दिवसांत दगावत. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने ते प्रमाण खूप खाली आणलं आणि १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. पुढे १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक लावून, कानामागचं हाड कोरून गाठीपर्यंत वाट काढली. हे हाउस मूळचे दंतवैद्य, त्यामुळे ड्रिलवर हात बसलेला. माझी शस्त्रक्रिया त्याच वाटेने झाली. नऊ तास चालली. या वाटेची किंमत अशी की अंतर्कर्णच काढून टाकावा लागतो. त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. मोकळ्या झालेल्या जागेत पोटाची चरबी भरतात. म्हणजे माझं पोट थोडं कानात गेलं आहे. चेहऱ्याची नस मात्र वाचली. हसताना तोंड सरळ राहतं, आणि त्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा होतो. कुणाला काही दिसतच नाही.

एक कान गेला तर निम्मं ऐकू येत असेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. शांत खोलीत मला जवळजवळ सगळं ऐकू येतं. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, विमानतळावर मात्र जवळजवळ काहीच कळत नाही. आवाज कोणत्या दिशेने आला हे दोन कान मिळून ठरवतात. एकाला ते जमत नाही. कुणी डावीकडून हाक मारली तर मी उजवीकडे वळून पाहतो आणि तिथल्या अनोळखी माणसाला हसून नमस्कार करतो. गंमत म्हणजे बहिरा झालेला कान शांतही नसतो. शिटी होण्याआधी कुकर जसा फुसफुसतो, तसा तो चोवीस तास चालू असतो.

तोलाचा कारभार तर आणखी चमत्कारिक. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तोल हे तीन सह्यांचं खातं आहे. एक सही कानांची, एक डोळ्यांची आणि एक पायांच्या स्नायूंची आणि सांध्यांची. डाव्या कानाची निम्मी सही अचानक रद्द झाली, की मेंदू सगळे चेक परत पाठवू लागतो. पहिले दहा दिवस मला छत फिरताना दिसत होतं. हळूहळू मेंदू उरलेल्या सह्यांवर व्यवहार मंजूर करायला शिकतो. त्याला शिकवण्यासाठी व्यायाम असतात. कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये ते बसवले. मान डावी-उजवीकडे वळवत सरळ रेषेत चालायचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी हे महिनोन्‌महिने केलं. खालच्या मजल्यावरच्या एका आजींनी आमच्या सौ.ना काळजीने विचारलं, ‘‘साहेब हल्ली गच्चीवर कुणाला शोधत असतात?’’

आता वर्ष उलटून गेलं आहे. सपाट रस्त्यावर, उजेडात मी नीट चालतो. अंधारात डोळ्यांची सही मिळत नाही; तेव्हा भिंत लागते. झटकन वळलो, वर पाहिलं किंवा समोरून माणसांचा लोंढा आला तर पाय डावीकडे जातात. कुणीही म्हणेल, हा गृहस्थ घेऊन आला आहे.

अशा अवस्थेत पुण्याहून बंगळुरूला एकट्याने जायचा प्रसंग आला. मुलीचं बाळंतपण. सौ. दोन महिने आधीच तिकडे गेल्या होत्या. नात झाली आणि बारशाची तारीख ठरली. मग फोनवर कुटुंबाची परिषद भरली. ‘‘बाबा, तुम्ही एकटे निघू नका, हा येऊन तुम्हाला घेऊन जाईल,’’ मुलगी म्हणाली. बारा दिवसांचं बाळ घरात सोडून जावयाने सासऱ्याला आणायला यायचं! ‘‘अहो, एक बारसं चुकलं म्हणून काय बिघडलं? महिन्याने या,’’ सौ. म्हणाल्या. मी उजव्या कानाने ऐकलं आणि डाव्याने सोडून दिलं. त्या कानाचा निदान एवढा तरी उपयोग होतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कवटी उघडल्यावर आत थोडी हवा राहून जाते आणि उंचीवर ती प्रसरण पावते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला विमान वर्ज्य असतं. तुमचा तो काळ कधीच संपला. कानाचे दडे? ज्या कानात चरबी भरली आणि घशाकडे जाणारी नळी बंद केली, त्याला कसले दडे बसणार? उजव्याची काळजी घ्या, उतरताना गोळी चघळा. ‘‘विमानात काही होणार नाही,’’ ते म्हणाले, ‘‘विमानतळाला जपा.’’ एवढं व्यवहारी बोलणारा डॉक्टर विरळा.

तिकिटाच्या वेळी विशेष साहाय्याची चौकट उघडली, तर आत खुर्चीच खुर्ची होती. विमानापर्यंत खुर्ची, जिन्यापर्यंत खुर्ची, आसनापर्यंत खुर्ची. बाकी रकाना नाही. मला खुर्ची नको होती. गेट बदललं तर कुणीतरी उजव्या बाजूला येऊन सांगावं आणि गर्दीत कोपराला हात द्यावा, एवढंच हवं होतं. पण आयुष्य रकाने भरण्यात गेलेला माणूस मी. जो रकाना होता त्यावर खूण केली.

विमानतळावर खुर्ची आली. ढकलणारा मुलगा चांगला होता. भराभर रांगा ओलांडत त्याने मला आत नेलं. सुरक्षा तपासणीत खुर्चीतून उतरून त्या छोट्या लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं, हात पसरायचे आणि पाठमोरं वळायचं असतं. मी वळलो आणि गेलो डावीकडे. जवानाने चटकन दंड धरला. वास घेण्यासाठी तो क्षणभर जवळ झुकला, हेही माझ्या लक्षात आलं. मी कानामागचा व्रण दाखवला. त्याने काही न बोलता मला धरूनच उरलेली तपासणी केली. त्या दिवसातली मला नेमकी हवी होती अशी ती पहिली मदत. ती नियमात होती की नाही, कोण जाणे.

पुढे त्या मुलाने मला एका कोपऱ्यात लावलं, ‘‘गेटवर घ्यायला येतो’’ म्हणाला आणि दुसरी खुर्ची आणायला पळाला. त्याच्या वाट्याला किती खुर्च्या होत्या ते त्यालाच ठाऊक. माझं तोंड भिंतीकडे, फलक पाठीमागे आणि गेट डाव्या हाताला. थोड्या वेळाने मी स्वतःच उठून प्रसाधनगृहात गेलो, तर परतताना एक गृहस्थ बायकोला म्हणाले, ‘‘चालता येतंय की!’’ हे वाक्य नेमकं उजवीकडून आलं. मी ओशाळलो आणि पुन्हा जाऊन खुर्चीत बसलो. चोरी पकडल्यासारखं वाटलं, म्हणून मग हाललोही नाही. मधल्या वेळात गेट बदललं. मुलगा आला नाही. शेवटी शेजारून पाण्याची बाटली घेऊन चाललेल्या एका बाईंनी माझ्या हातातला बोर्डिंग पास पाहिला आणि बोटाने पलीकडे दाखवलं.

हल्ली मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर सरसकट घोषणा करत नाहीत, गेटची माहिती फलकावर येते. पुष्कळ लोक त्याविरुद्ध कुरकुरतात. मला विचाराल तर बहिऱ्यांवर याहून मोठा उपकार कुणी केला नसेल. सगळेच बहिरे झाले, की फिट्टंफाट. पण शेवटच्या प्रवाशाला मात्र अजून तोंडानेच हाक मारतात. आणि हाक ज्याला ऐकू येत नाही, नेमका तोच शेवटचा राहिलेला असतो.

आता ते जुनं वाक्य. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना, हयातीचा दाखला द्यायचा. (आता ‘जीवन प्रमाण’मुळे २०१४ पासून हे काम अंगठ्यावर होतं, तेव्हा माणूस समोर उभा लागे.) पितळी टोकन द्यायचं, शिपायाने नंबर पुकारायचा. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक सकाळपासून बाकावर बसले होते. दीडच्या सुमारास ते टोकन हातात धरून माझ्या टेबलाशी आले. मी म्हणालो, ‘‘गुरुजी, तुमचा नंबर तीनदा पुकारला. कुठे होतात? आता जेवणाच्या सुट्टीनंतर.’’ ते हसले, मान हलवली आणि जाऊन बसले. सुट्टीनंतर शिपायाने पुन्हा तशीच हाक मारली आणि ते तसेच बसून राहिले. पाच वाजता शटर अर्ध्यावर आलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने पुन्हा आले. मी उठून गेलो, बाकाजवळच त्यांची सही घेतली, माझी ठोकली. चूक कळली होती. माफी मागितली नाही. माफीचा रकाना बँकेतही नव्हता.

त्या दिवशी त्यांचं हसणं मला होकार वाटला होता. आता मीही तसाच हसतो. समोरच्याचं वाक्य कळलं नाही, पुन्हा विचारायची लाज वाटली, की बहिरा माणूस हसून मान हलवतो.

कायद्याने मी कोण, हेही एकदा पाहिलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ऐकण्याच्या उणिवेत येण्यासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. माझा एक कान पूर्ण गेला, दुसरा शाबूत, म्हणजे मी बसत नाही. तोल जाणं त्या यादीतच नाही. माझी तक्रार नाही. ज्यांना दोन्ही कान नाहीत त्यांच्या रांगेत मी शिरू नये. शिवाय विमानासाठी प्रमाणपत्राची गरजही पडू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम ज्यांना हालचालीत अडचण आहे अशा प्रवाशांत वय, आजार, इंद्रियांची उणीव, सगळं धरतात. विमान व्यवसायाच्या संकेतयादीतही बहिऱ्या प्रवाशासाठी वेगळा संकेत आहे, आणि ‘मीट अँड असिस्ट’ म्हणजे नुसतं भेटून सोबत करण्यासाठी आणखी एक. म्हणजे कल्पना सुचलेली आहे. फक्त माझ्या तिकिटाच्या चौकटीपर्यंत ती पोचलेली नव्हती.

परिणाम काय होतो पाहा. आपल्या घराघरांतले आईवडील अमेरिकेला मुलाकडे जातात, तेव्हा मुलगा हमखास खुर्ची मागवतो. वडील रोज सकाळी टेकडी चढणारे असतात! मग विमानात खुर्च्यांची रांग लागते, गैरवापर म्हणून बातम्या येतात, आणि ज्याचे पाय खरोखर गेले तो ताटकळतो. ही मंडळी लबाड नसतात. त्यांना भाषा येत नाही, फॉर्म भरता येत नाही, मधल्या विमानतळावर कुठे वळायचं कळत नाही. त्यांना खुर्चीमागचा माणूस हवा असतो आणि तो खुर्चीशिवाय मिळत नाही, म्हणून ती खुर्ची घेतात. मीही तेच केलं. रोज गच्चीवर चालणाऱ्या मला बसवून, भिंतीकडे वळवून, त्यांनी माझे पायही काढून घेतले. आणि हवा होता तो निरोप दिला नाही.

कुणी म्हणेल, इतक्या कटकटी आहेत तर एकट्याने जाताच कशाला? हा प्रश्न घरचेच विचारतात, मायेने विचारतात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई सांगत, मेंदू चालूनच शिकतो. घरात बसून तोल परत येत नाही. आज बंगळुरू चुकवलं, की उद्या बँक, परवा कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. मदतीला कुणी सोबत आलं नाही तर जायचं नाही, असं एकदा ठरलं, की माणूस आपल्या घरातच सामान होऊन बसतो.

असो. विमानात मी डाव्या खिडकीची ‘ए’ जागा घेतली होती. तिथे मेलेला कान खिडकीकडे जातो आणि चांगला शेजाऱ्याकडे. माझ्यासारख्या उजव्या-डाव्यांनी हे लक्षात ठेवावं. उजवा गेला असेल तर उलट. बसल्याबसल्या चक्कर आली नाही. उतरल्यावर वरच्या कप्प्यातली बॅग मात्र शेजाऱ्यांना काढून मागितली, कारण वर पाहिलं की संपलं. बंगळुरूच्या नव्या टर्मिनलचं बांबूचं छत आणि टांगलेली झाडं सगळे माना वर करून बघत होते. मी फरशी पाहत बाहेर आलो. जावई उजवीकडे येऊन उभे राहिले. घरी त्यांना तसं शिकवलेलं होतं.

बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते मला योग्य बाजूला उभा असल्यामुळे लगेच कळलं. मी तिथे पंधरा दिवस राहिलो. बाळ रडायला लागलं, की ते माझ्या डाव्या खांद्यावर देण्याची पद्धत घरात दुसऱ्याच दिवशी पडली.

परतीला मी खुर्ची घेतली नाही. एक कार्ड तयार केलं: ‘मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. वळताना तोल जातो. मद्य घेतलेलं नाही. काही सांगायचं असल्यास उजवीकडून सांगा किंवा लिहून द्या.’ हिंदी आणि इंग्रजी मी लिहिलं, कन्नड मुलीच्या शेजारणीने. शिवाय सूर्यफुलांचा हिरवा पट्टा मागून घेतला. न दिसणाऱ्या व्याधींसाठी ही खूण २०१६ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आपल्याकडे बंगळुरू, दिल्ली अशा काही ठिकाणी आली आहे. सगळ्यांनाच ती ठाऊक असते असं नाही. एका गृहस्थांनी मला कसलं अधिवेशन आहे, असं विचारलं.

पण काउंटरवरच्या मुलीने कार्ड वाचलं. बोर्डिंग पासच्या मागे पेनने गेटचा नंबर आणि वेळ लिहिली. खाली ‘बदललं तर मी येऊन सांगेन’ असं इंग्रजीत लिहिलं. गेट बदललं नाही. तरीही ती वेळेवर आली, उजव्या बाजूने, आणि मान हलवून ‘चला’ अशी खूण केली. एवढ्याला किती खर्च आला असेल? एक पेन आणि दोन मिनिटं.

दिवाळीनंतर नातीकडे पुन्हा जायचं आहे. परवा तिकीट काढलं. चौकटीत खुर्चीवर खूण केली नाही. त्याऐवजी कंपनीच्या पत्त्यावर सविस्तर ई-मेल लिहिला: चालता येतं, खुर्ची नको, फक्त गेट बदलल्यास उजवीकडून किंवा लिहून सांगावं. दोन तासांत अत्यंत नम्र भाषेत उत्तर आलं. माझ्या विनंतीची नोंद घेण्यात आली असून माझी व्हीलचेअर निश्चित झाली आहे.